हॅंडहेल्ड संगणकांच्या अंगभूत स्पीकरची तुलना कशी करावी

स्टीम डेक, आरओजी अ‍ॅलाय किंवा लिजन गो अशा हातात धरून खेळायच्या संगणकांची परीक्षणे वाचली, तर पडदा, बॅटरी आणि प्रोसेसर यांच्यावर पानेच्या पाने खर्ची पडलेली दिसतात आणि स्पीकरच्या वाट्याला जेमतेम एखादे वाक्य येते. तेही बहुधा ‘आवाज मोठा आणि स्पष्ट आहे’ इतपतच असते. प्रत्यक्षात ही यंत्रे वापरणारे बरेच जण घरात हेडफोन लावत नाहीत; दारावरची बेल ऐकू यावी म्हणून म्हणा किंवा कान दुखतात म्हणून म्हणा, ते तासन्‌तास याच दोन इवल्याशा स्पीकरवर खेळतात. त्यामुळे यंत्र विकत घेण्यापूर्वी आवाजाची नीट तुलना करता आली तर ती उपयोगाची ठरते. ती फारशी अवघडही नाही, मात्र तिला एक अट आहे: दोन्ही यंत्रांचा आवाज आधी समान पातळीवर आणला पाहिजे. ही अट पाळली नाही, तर कोणते यंत्र जास्त जोरात वाजते एवढेच कळते, आणि कोणते चांगले वाजते हा प्रश्न तसाच राहतो.

कंपन्यांच्या माहितीपत्रकावरून या बाबतीत फार थोडे कळते. ‘२ वॉटचे दोन स्पीकर’ हा आकडा शक्तीचा आहे, आवाजाचा नव्हे. शक्ती दुप्पट केली तरी आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. पत्रकातली खरोखर उपयोगी बाब एकच, ती म्हणजे स्पीकरचे तोंड कोणत्या दिशेला आहे. २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक आणि २०२३ मधले आरओजी अ‍ॅलाय या दोन्हींचे स्पीकर पुढच्या बाजूला, खेळणाऱ्याकडे तोंड करून बसवलेले आहेत. ज्या यंत्रांची जाळी वरच्या किंवा खालच्या कडेला असते, त्यांच्यातून वरच्या पट्टीचा आवाज थेट कानाकडे येत नाही. १०,००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते आणि इतकी आखूड लहर कडेला वळसा घालण्याऐवजी बरीचशी सरळ निघून जाते. खालच्या पट्टीला हा अडसर नाही, कारण १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांना एकच यंत्र समजू नये. स्टीम डेकची ओएलईडी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा ते बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने स्पीकरची खालची पट्टी सुधारल्याचे सांगितले होते, त्यामुळे जुन्या एलसीडी आवृत्तीबद्दल वाचलेले मत नव्या आवृत्तीला लावता येत नाही.

आवाजाची पातळी जुळवणे

बेल लॅबमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजमापांनिशी दाखवून दिले की आवाज जसजसा हळू होत जातो, तसतसे खालच्या पट्टीतले स्वर आपल्या कानाला मधल्या पट्टीच्या मानाने अधिकच कमी ऐकू येतात. याचा व्यावहारिक परिणाम असा की तोच स्पीकर थोडा मोठ्याने वाजवला की तो जास्त भरीव, जास्त ‘महागातला’ वाटू लागतो. दोन यंत्रांत दोन-तीन डेसिबलचा फरक असेल, तर ऐकणाऱ्याला तो ‘जोर’ म्हणून जाणवतच नाही. त्याला वाटते की दुसऱ्या यंत्राचा दर्जाच बरा आहे. दोन्हींवर व्हॉल्यूम ५० वर ठेवला की पातळी जुळली, असे समजणेही चुकीचे आहे, कारण तो ५० चा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते.

पातळी जुळवण्यासाठी ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात ‘पिंक नॉइज’ तयार करता येतो. हा असा एकसंध घोष असतो की त्यात प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखीच ऊर्जा येते. तो मिनिटभराचा तयार करून त्यावर हाय-पास आणि लो-पास फिल्टर लावावेत आणि फक्त ५०० ते २,००० हर्ट्झचा मधला पट्टा शिल्लक ठेवावा. हे कापणे अनावश्यक वाटेल, पण ते महत्त्वाचे आहे. पूर्ण पट्ट्यावर पातळी जुळवली, तर ज्या यंत्राला थोडा बेस आहे त्याची तेवढी ऊर्जा मापात धरली जाते, मग त्याचा मधला पट्टा खाली आणावा लागतो, आणि ज्या गुणाची परीक्षा घ्यायची तोच गुण त्याच्या विरोधात जातो. दोन्ही यंत्रे वाजवू शकतात अशा मधल्या पट्ट्यात जुळवणी केली, की उरलेले फरक उघडे पडतात.

ही फाइल वॅव्ह स्वरूपात दोन्ही यंत्रांवर टाकावी. मोजण्यासाठी फोन चालतो. जर्मनीतल्या आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाने बनवलेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळते, आणि आयफोनवर अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचे ध्वनिमापक अ‍ॅपही आहे. फोनने दाखवलेला डेसिबलचा आकडा काटेकोरपणे खरा असण्याची गरज नाही. एकाच फोनने, एकाच जागेवरून, दोन्ही यंत्रांसाठी सारखाच आकडा दाखवला म्हणजे झाले. यंत्र आणि फोन यांच्यातले अंतर खेळताना पडदा डोळ्यांपासून जितका दूर असतो तितके, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटर ठेवावे आणि फोनचा मायक्रोफोन यंत्राच्या बरोबर मध्यरेषेवर असावा. अंतराशी तडजोड करू नये, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. घरात ती थोडी कमी उतरते, पण उतरते.

आता एका यंत्राचा व्हॉल्यूम असा लावावा की फोनवर ६५ डेसिबलच्या आसपास आकडा दिसेल, आणि दुसरे यंत्र त्याच आकड्यावर आणावे. इथे एक छोटी अडचण हमखास येते: यंत्राच्या बाजूची व्हॉल्यूमची बटणे मोठ्या पायऱ्यांनी आवाज बदलतात, त्यामुळे एक टप्पा कमी पडतो आणि पुढचा जास्त होतो. अशा वेळी बटण वरच्या टप्प्यावर ठेवून व्हीएलसीसारख्या प्लेअरच्या आतली पट्टी हळूहळू खाली आणावी. ती पट्टी १०० टक्क्यांच्या वर मात्र नेऊ नये, कारण तिथे मूळ ध्वनीच फाटू शकतो आणि दोष विनाकारण स्पीकरच्या माथी येतो. फरक अर्ध्या डेसिबलपर्यंत आला तर उत्तम, एक डेसिबलपर्यंत आला तरी घरगुती तुलनेला चालते.

सॉफ्टवेअरची ढवळाढवळ

आजच्या कोणत्याही हॅंडहेल्डमध्ये स्पीकर आणि फाइल यांच्यामध्ये बरेच सॉफ्टवेअर बसलेले असते. विंडोजवरच्या यंत्रांत ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’, डॉल्बी, ‘स्पेशियल साउंड’ असे पर्याय असतात. स्टीम डेकवरच्या स्टीमओएसमध्येही स्पीकरसाठी ध्वनीवर प्रक्रिया होते. काही जण हे सगळे बंद करून ‘शुद्ध’ तुलना करण्याचा आग्रह धरतात. तो आग्रह मला पटत नाही. लहान स्पीकरचा मूळ आवाज इतका वाकडातिकडा असतो की कंपनीने केलेली दुरुस्ती ही त्या स्पीकरचाच भाग मानली पाहिजे. माझ्या मते पहिली तुलना यंत्र खोक्यातून बाहेर येते त्या अवस्थेत करावी, दुसरी दोन्हींवरच्या ऐच्छिक सोयी बंद करून करावी, आणि सोय बदलली की पातळी पुन्हा जुळवावी, कारण डॉल्बी चालू करताच आवाज वाढतो आणि तेवढ्यानेच तो ‘सुधारल्यासारखा’ वाटतो. यंत्रावर मुळातली सोडून दुसरी कार्यप्रणाली टाकली असेल, तर कंपनीची दुरुस्ती सोबत आलीच असेल असे नाही. तेच यंत्र एका प्रणालीवर भरीव आणि दुसरीवर पत्र्याच्या डब्यासारखे वाजू शकते. अशा यंत्रावरून हार्डवेअरबद्दल मत बनवू नये.

काय ऐकावे

सुरुवात माणसाच्या बोलण्याने करावी. ओळखीच्या आवाजात जरा जरी फेरफार झाला तरी कानाला तो लगेच कळतो, म्हणून घरातल्याच एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा आवाज बऱ्यापैकी मायक्रोफोनवर रेकॉर्ड करून घ्यावा. मजकूर म्हणून वर्तमानपत्रातला एक परिच्छेद आणि त्यानंतर ‘चटईला टाचणी टोचली’ हे लहानपणापासून पाठ असलेले वाक्य सावकाश म्हणून घ्यावे. त्यातले ट आणि च हे अडवून सोडलेले ध्वनी आहेत. चांगल्या स्पीकरवर प्रत्येकाची सुरुवात टोकदार आणि सुटी ऐकू येते, सुमार स्पीकरवर ती एकमेकांत मिसळते. परिच्छेदातल्या स आणि श कडे वेगळे लक्ष द्यावे. ते कानात टोचत असतील, तर ५,००० हर्ट्झच्या वरचा भाग मुद्दाम उचललेला आहे असे समजावे. असा आवाज पहिल्या दहा मिनिटांत ‘लखलखीत’ वाटतो आणि तासाभराने डोके उठवतो. बोलणारा नाकात बोलल्यासारखा किंवा पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटत असेल, तर मधल्या पट्ट्यात कुठेतरी फुगवटा आहे. माझा कौल विचाराल तर एकूण निर्णयात या बोलण्याच्या परीक्षेला सर्वांत जास्त वजन द्यावे, कारण खेळातले संवाद, व्हिडिओ, बातम्या, मित्रांशी होणारे बोलणे या सगळ्याचा आधार तोच पट्टा आहे.

खालच्या पट्टीसाठी तानपुऱ्याइतकी चांगली कसोटी दुसरी नाही. पेटीच्या काळी एक या स्वराला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. एवढ्या लहान स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही, अनेकदा १३९ ही अगदी क्षीण निघतो. तरीही खर्ज आपल्याला ‘ऐकू’ येतो. जव्हारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासत कंप पावत असल्यामुळे, त्या तारेतून २०८, २७७, ३४६ असे वरचे स्वरांश भरपूर उठतात, आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू गायब असलेल्या मूळ स्वराचा अंदाज बांधतो. म्हणून ‘खर्ज ऐकू येतो का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, तो दोन्ही यंत्रांवर ऐकू येईलच. विचारायचे ते हे की खर्जाची तार छेडल्यावर तिला काही वजन आहे की नुसती रेघ ओढल्यासारखी ती येऊन जाते, आणि चारही तारांची गुंज एकमेकींत विरघळते की प्रत्येक तार सुटी, करकरीत वाजते. फायफॉक्समधला ध्वनिपट उघडून ठेवला तर कोणता स्वरांश कुठपर्यंत पोहोचतो हे पडद्यावरही दिसते. मात्र फोनचा मायक्रोफोन स्वतःच खालच्या पट्टीत अशक्त असू शकतो, म्हणून त्या आलेखाचा उपयोग दोन यंत्रांतला फरक पाहण्यापुरताच करावा.

त्यानंतर तबला लावावा. डग्ग्यावरच्या ‘घे’ची मींड घसरत जाताना मध्येच नाहीशी होते का, आणि चाटीवरचा ‘ना’ खणखणीत राहतो का, एवढे ऐकले तरी पुरे. शेवटी, ज्या खेळासाठी यंत्र घ्यायचे तोच खेळ. पावलांचे आवाज, दूरचा गडगडाट आणि जवळचा संवाद एकाच वेळी आले की कमकुवत स्पीकर त्यांचा गोळा करतो.

डावे-उजवे यांबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. दोन स्पीकरमध्ये २५ सेंटिमीटर अंतर आहे आणि यंत्र ४० सेंटिमीटरवर धरले आहे असे समजले, तर कानाशी होणारा कोन सुमारे ३५ अंशांचा भरतो. घरातल्या स्टिरिओ मांडणीसाठी साधारण ६० अंशांची शिफारस केली जाते. यापेक्षा रुंद वाटणारा आवाज सॉफ्टवेअरने पसरवलेला असतो, आणि त्या पसरवण्यात मध्यभागी बोलणाऱ्या माणसाचा आवाज पोकळ झाला आहे का हे तपासून घ्यावे.

ऐकणाऱ्याला कोणते यंत्र वाजते आहे हे कळू नये, हे उत्तम. पण हॅंडहेल्डच्या बाबतीत एक गंमत आहे: हातात घेताच वजन आणि पकड यांवरून ते ओळखू येते. म्हणून ही परीक्षा दोन भागांत घ्यावी. पहिल्या भागात दोन्ही यंत्रे कानाच्या उंचीवर, आळीपाळीने एकाच स्टँडवर ठेवावीत, ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने नाणे उडवून क्रम ठरवावा. खोली शक्यतो पडदे-गाद्यांची असावी. मोकळ्या फरशीच्या खोलीत सगळेच घुमते. दुसरा भाग हातात धरून, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

हातात धरल्यावर, पंखा चालू असताना

स्टँडवर उत्तम वाजलेले यंत्र हातात घेताच घुसमटू शकते. तळहाताचा फुगीर भाग किंवा करंगळी जाळीवर येते, विशेषतः मोठ्या हातांच्या माणसांच्या बाबतीत, आणि खेळ रंगला की पकड आणखी घट्ट होते. बोलण्याची तीच फाइल लावून आपल्या नेहमीच्या पकडीत ऐकावी, मग बोटे जरा सरकवून पुन्हा ऐकावी. फरक पडत असेल तर ते यंत्र दोषी नाही, पण तुमच्या हातासाठी नाही. पलंगावर पडून खेळणाऱ्यांनी यंत्र पोटावर टेकवूनही ऐकावे, कारण खालच्या कडेला जाळी असलेल्या यंत्रांचा आवाज पांघरुणात जिरतो.

पंखा हा खरा प्रतिस्पर्धी. स्टीम डेकचा प्रोसेसर जास्तीत जास्त १५ वॉटपर्यंत जातो. मूळच्या आरओजी अ‍ॅलायमध्ये १०, १५ आणि २५ वॉटचे टप्पे होते आणि चार्जर लावल्यावर ३० वॉटपर्यंत मजल जात असे. उष्णता वाढली की पंखा चढतो, आणि त्याचा सुसाट घोष नेमका पावलांची चाहूल, पावसाची रिपरिप असल्या हळू ध्वनींना झाकतो. त्यासाठी जड खेळ पंधरा-वीस मिनिटे चालवून, आवाज पूर्ण बंद करून, कानाच्या जागेवरून पंख्याची पातळी मोजावी आणि ती ६५ मधून वजा करावी. हा उरलेला फरक ज्या यंत्रात जास्त, त्यावर बारीकसारीक ध्वनी जास्त ऐकू येणार. आधी दोन्ही यंत्रे सारख्याच वॉटवर ठेवून हे करावे, मग ज्या टप्प्यावर तुम्ही प्रत्यक्ष खेळणार त्यावर. शांत खोलीत पहिला आलेला स्पीकर इथे दुसऱ्या क्रमांकावर घसरलेला दिसला तर नवल वाटून घेऊ नये.

पूर्ण व्हॉल्यूम आणि खडखड

आता व्हॉल्यूम हळूहळू पूर्ण चढवावा. बऱ्याच यंत्रांत ‘स्मार्ट अ‍ॅम्प’ असतो. तो स्पीकरचा पडदा किती हलतो आणि कॉइल (आतले तारेचे वेटोळे) किती तापते याचा सतत अंदाज घेतो, आणि धोका दिसला की खालची पट्टी आपणहून कमी करतो. त्यामुळे निम्म्या व्हॉल्यूमवर भरीव वाटणारे यंत्र पूर्ण व्हॉल्यूमवर पातळ होते. ते मोठ्याने वाजते खरे, पण मोठ्याने चांगले वाजत नाही. कोणत्या टप्प्यापासून आवाज फाटतो किंवा बेस गायब होतो हे दोन्ही यंत्रांसाठी टिपून ठेवावे, आणि त्या टप्प्यावरची डेसिबलची पातळीही. ‘कमाल आवाज’ म्हणून तीच खरी धरावी.

खडखड शोधण्यासाठी ऑडॅसिटीमध्ये १५० पासून १,००० हर्ट्झपर्यंत अर्ध्या मिनिटात चढत जाणारा स्वर बनवावा आणि मध्यम व्हॉल्यूमवर वाजवावा. शुद्ध स्वर पूर्ण व्हॉल्यूमवर कधीही वाजवू नये, इवल्या कॉइलला ते सोसत नाही. एखाद्या स्वरापाशी झर्रकन झिणझिणल्यासारखा आवाज आला, तर तिथे थांबून मागचे झाकण, मेमरी कार्ड, आणि लिजन गोसारख्या यंत्रात मागचा स्टँड व सुटे होणारे कंट्रोलर एकेक करून बोटाने दाबून पाहावेत. दाबल्यावर झिणझिण थांबली तर दोष सांगाड्याचा आहे आणि बहुधा स्क्रू घट्ट केल्याने जातो. थांबली नाही, तर स्पीकरचा.

ज्यांना याहून खोलात जायचे आहे त्यांनी आरईडब्ल्यू हा ध्वनी मोजण्याचा मोफत प्रोग्रॅम आणि युमिक-१ सारखा कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी मायक्रोफोन वापरावा. आलेखात १ डेसिबलचे चढउतार पाहून मात्र हरखून जाऊ नये. एवढ्या लहान यंत्रात मायक्रोफोन दोन सेंटिमीटर सरकला तरी तेवढा फरक पडतो. आणि व्हिडिओंमधल्या ‘स्पीकर टेस्ट’वर विसंबू नये. तो आवाज आधी कुणाच्या तरी मायक्रोफोनने आणि त्यातल्या आपोआप पातळी सावरणाऱ्या सोयीने बदलला, आणि शेवटी तुमच्या स्वतःच्याच स्पीकरमधून आला.

भारतात आणखी एक अडचण असते. आरओजी अ‍ॅलाय इथे अधिकृतपणे विक्रीला आले, पण स्टीम डेक बहुतेकांच्या हाती परदेशातून आणलेले किंवा कुणीतरी वापरलेले असेच पोहोचले, त्यामुळे दोन्ही यंत्रे एका टेबलावर क्वचितच मिळतात. अशा वेळी पातळी जुळवलेल्या फाइली, बोलण्याचे रेकॉर्डिंग आणि तानपुरा एका मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर सोबत न्यावा, आपले नेहमीचे यंत्र बरोबर ठेवावे आणि प्रत्येक नव्या यंत्राची तुलना त्याच्याशीच करावी. वापरलेले यंत्र घेताना पिंक नॉइज फक्त डाव्या, मग फक्त उजव्या बाजूने वाजवून फोनवर दोन्ही आकडे पाहावेत. ते एकमेकांपासून ३ डेसिबलहून दूर असतील, तर आधी जाळी मऊ कोरड्या ब्रशने झाडून पुन्हा मोजावे, कारण फरकाचे मूळ अनेकदा तिथली धूळच असते. तरीही फरक राहिला तर किंमत त्या हिशेबाने बोलावी. स्टीम डेकचे सुटे भाग २०२२ पासून आयफिक्सिट या कंपनीमार्फत विकले जातात आणि त्यांत स्पीकरही आहे, पण भारतात तो मागवण्याचा खर्च आणि यंत्र उघडण्याची मेहनत घेणाऱ्याच्याच अंगावर पडते.